तिसऱ्या आवाजातल्या एकोणीस चुका

चौदा पाय या बाजूला, चौदा त्या बाजूला, मधे काळं चपटं पोट, हिरव्या पाटीला घट्ट बिलगलेलं... आणि पाटीच्या कडेला दोन गोल भोकं, एक लाल, एक पांढरं. एवढंच. तळहातावर मावेल एवढं. तिने ते खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्यांमधे ठेवलं, मग उचललं, मग पुन्हा ठेवलं. कुणी विचारलं असतं तर सांगताही आलं असतं — जुन्या घरगुती कॉम्प्युटरला लावायचं कार्ड आहे हो, आवाजाचं. आमच्या वेळी तो कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचो, त्याचे तिन्ही आवाज टीव्हीच्या एकाच कर्ण्यातून निघायचे, एका घशातून तीन भावंडांनी बोलावं तसे. आता हे कार्ड त्यांना वेगवेगळं करतं, पहिला डाव्या कानात, दुसरा मधोमध, तिसरा उजव्या कानात... पण विचारतंय कोण? विचारायची रीतच उरलेली नाही जगात. जो तो आपला सुधारत सुटलाय.

कार्डाबरोबर पाकिटातून एक घडीचा कागद निघाला होता. छापील. ‘पाणबुड्या’ या खेळाचं सुप्रसिद्ध संगीत, प्रथमच दोन्ही कानांसाठी. तिन्ही आवाज सुटे ऐकताना तिसऱ्या आवाजात टंकनाच्या एकोणीस चुका आढळल्या. मूळ संगीतकाराने त्या स्वतः दुरुस्त केल्या आहेत. खाली कोष्टक — ओळ, चुकीचा आकडा, बरोबर आकडा. एकोणीस ओळी. आणि समासात निळ्या शाईत दादाचं अक्षर, तेच, धावत्या बसमधून उतरणाऱ्या माणसासारखं पुढे झुकलेलं : ‘छोटे, सापडल्या बघ तुझ्या चुका, अडतीस वर्षांनी! संध्याकाळी सहाला आमच्या जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या क्लबात ये, साठ कार्डं वाटायची आहेत. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय.’ शेवटी एक हसरा चेहरा काढलेला. गोल, दोन टिंबं, एक फाकलेलं तोंड.

चुका.

गेली एकोणतीस वर्षं ती या औषधाच्या दुकानात उभी होती. एकोणतीस वर्षांत एक गोळी इकडची तिकडे झाली नव्हती. मालक सगळ्यांना सांगायचे, आमच्या बाई डोळे मिटून कप्प्यात हात घालतील तरी बरोबर तेच पाकीट येईल. (डोळे मिटून कधीच घालायची नाही ती. पण ऐकायला बरं वाटायचं.) आणि आज सकाळी-सकाळी, अजून पहिली चिठ्ठी काउंटरवर पडायची होती तेव्हा, तिला कळत होतं की आपण एकोणीस चुकांच्या धनी आहोत, त्या छापून आल्या आहेत, साठ कार्डांबरोबर साठ घरी जाणार आहेत.

“काय हो ते? रिमोटचं आतलं का?” बिलाच्या खुर्चीवरची पोरगी मान उंचावून म्हणाली. पोरगी म्हणजे तशी दोन लेकरांची आई, पण तिच्या जिभेला अजून वय चढलं नव्हतं.

“माझ्या भावाचं आहे.”

“तरीच. सकाळपासून फुरंगटलाय तुम्ही. भावाचं काहीही आलं की माणूस एकतर रडतं नाहीतर फुरंगटतं.”

फुरंगटलेय म्हणे! फुरंगटतात ती लहान मुलं, भातुकलीत वाटा कमी आला की. हा तो राग नव्हता. हा राग पायांतून वर येत होता, फरशीच्या गारव्यासारखा...

त्या सुट्टीत दादा एकोणीस वर्षांचा होता आणि ती पंधरा. दादाने खेळ लिहिला होता — पाणबुड्याने समुद्रात उतरायचं, शिंपले वेचायचे, छातीतली हवा संपायच्या आत वर यायचं. त्याचं गाणं त्याने वहीत लिहिलं होतं. सुरांनी नव्हे, आकड्यांनी. त्या यंत्राला सूर कळत नसे, आकडा कळे, आणि तोही उलटा : आकडा मोठा तर सूर खाली, आकडा लहान तर सूर वर. वहीच्या पहिल्या पानावर कोष्टक होतं, कुठल्या सुराला कुठला आकडा. मग पहिला आवाज, चार पानं. दुसरा आवाज, तीन पानं. आणि तिसऱ्याच्या पानावर एकच ओळ : ‘पहिल्यासारखाच, तीन पावलं मागून.’ वही तिच्या पुढ्यात टाकून तो म्हणाला होता, छोटे, एवढं टाइप करून ठेव, आलोच मी. आणि गेला होता सायकल घेऊन. दादाचं ‘आलोच’ म्हणजे दिवेलागण.

दोनशे एकोणपन्नास, स्वल्पविराम, दोनशे एकवीस, स्वल्पविराम, दोनशे नऊ... बोटांना लय लागली होती, जात्यावर बसल्यासारखी; आकडे घालावेत आणि पीठ पडावं. पहिला दादाचा, तो पुढे चालतो. दुसरा दादाचा, तो जमीन धरतो. तिसरा बिचारा, कुणाचाच नाही, तो दादाच्या सदऱ्याचं टोक धरून तीन पावलं मागून येतो. तो जिथे चढला तिथे हा चढतो. तो जिथे उतरला तिथे हा उतरतो. दोन तास ती त्याला अशी फरफटत चालवत होती, आणि मग एका ठिकाणी, पहिला उंच चढत होता तिथे, तिला वाटलं — याला नसेल चढायचं तर? याचे पाय दुखत असतील तर? हा खालच्या पायरीवर बसून नुसता वर बघत राहिला तर? तिने कोष्टकात पाहून एक आकडा बदलला. गाणं चालवून पाहिलं. टीव्हीच्या कर्ण्यातून तिन्ही आवाज एकात एक कालवून आले, आणि त्यात, कुठे ते दाखवता आलं नसतं, पण त्यात काहीतरी जिवंत झालं होतं. मग दुसरा बदलला. मग पाचवा. मग सातवा...

दिवेलागणीला दादा आला, त्याने ऐकलं, आणि तिला उचलून गरगर फिरवलं. “बघितलंस? प्रतिध्वनीची कमाल! मी म्हटलं नव्हतं, तिसरा आवाज मागून आणला की जादू होते?” ती फिरत होती, छत फिरत होतं, आणि ती काही बोलली नाही. का बोलली नाहीस गं? — गोड लागलं म्हणून. आपलं काहीतरी सगळ्यांच्या देखत आहे आणि कुणालाच दिसत नाही, याची गोडी. खिशात चोरून ठेवलेल्या गोळीसारखी, अडतीस वर्षं न विरघळलेली.

आणि आता या कार्डाने तिसऱ्याला बखोटीला धरून उजव्या कानात एकटं उभं केलं. आणि एकटं दिसताच लोक काय म्हणाले? हा निराळा आहे, म्हणाले? छे. हा चुकलाय, म्हणाले.

“बाई, ही चिठ्ठी.” समोर एक आजोबा उभे होते, मफलर गळ्यातच, हातातला कागद पुढे केलेला. “लवकर हं. बाहेर रिक्षावाला थांबवलाय, तो माझ्यापेक्षा म्हातारा आहे, वाट बघता बघता जायचा.”

तिला हसू आलं, मनाविरुद्ध. मग चिठ्ठी वाचून हसू गेलं. अर्धी गोळी देतात ती, या वयाला. इथे दीड लिहिलं होतं. स्पष्ट, दीड. हात घसरला असेल डॉक्टरांचा. हातात पाकीट होतंच, वर पेनाने ‘अर्धी’ लिहून देता आलं असतं, आजोबांना काय कळणार होतं. तिने फोन उचलला.

“दीडच,” डॉक्टर पलीकडून म्हणाले. घाईत होते. “चूक नाही ती, मुद्दाम दिलीय. आठच दिवस. पण विचारलंत ते बरं केलंत.”

विचारलंत ते बरं केलंत! फोन ठेवल्यावरही तिने हात त्यावर तसाच ठेवला, सापडलेल्या पुराव्यावर ठेवावा तसा. ऐक दादा, ऐक. ही असते रीत. लिहिणाऱ्याने वेगळं लिहिलंय म्हणजे चुकलाच असं नाही. आधी फोन करायचा. विचारायचं, मुद्दाम आहे का हो? एका शब्दाचं काम. तुझ्याकडे माझा नंबर नाही? वाढदिवसाला बरा सापडतो. नळ गळतो तेव्हा प्लंबर कोणता चांगला हे विचारायला बरा सापडतो. आणि माझं सगळ्यात माझं असं काही पुसायचं होतं तेव्हा तेवढा सापडला नाही. बरं, जुनं कुठे शिल्लक राहणार असतं तरी म्हटलं असतं, असू दे. पण ज्यांवर तो खेळ असायचा त्या जुन्या कॅसेटी आता खरखरण्यापलीकडे काही वाजत नाहीत. दादाकडची एकच धड होती, तिच्यावरूनच हे सगळं उतरवलं. आज संध्याकाळी साठ कार्डं वाटली जातील, साठांबरोबर हेच सुधारलेलं गाणं जाईल, आणि यापुढे ‘पाणबुड्या’चं गाणं म्हणजे हेच. तिसरा आवाज निमूट, तीन पावलं मागून. शहाणा. दादासारखा.

आजोबांना तिने समजावून सांगितलं, दीड, आठच दिवस, जेवणानंतर. आजोबा म्हणाले, “एवढं रागावून सांगितलंत, आता विसरायची छाती नाही आपली.”

दुपारी दुकान ओसरलं. मागच्या खोलीत, खोक्यांच्या मधे, डबा न उघडता ती बसली आणि फोन काढला. दादाने काल दोन ध्वनिफिती पाठवल्या होत्या : ‘आधीचं’ आणि ‘नंतरचं’. दोन्ही त्याच कार्डावरून वाजवलेल्या. तिने इअरफोनची उजवी गुंडी तेवढी कानात घातली. डावी गळ्यावर लोंबत राहिली.

आधी ‘नंतरचं’. चाललाय बिचारा. चढ म्हटलं की चढतोय, उतर म्हटलं की उतरतोय. केसांचा भांग पाडून, नाक पुसून, पाहुण्यांसमोर आणलेल्या मुलासारखा. अर्ध्यातच तिने बंद केलं.  तिला शिवी द्यावीशी वाटली, पण शिव्या द्यायची सवय नसल्यामुळे ती कुठल्या बाजूने बाहेर काढायची हे कळेना.

मग ‘आधीचं’.

...अगं बाई. ही तर मी.

खालच्या पायरीवर बसून राहिलेली. मग दादा पुढे गेल्यावर, कुणी बघत नाहीसं पाहून, दोन उड्या मारून गाठणारी. मग त्याच्या अर्ध्या वाक्याला भलतंच उत्तर देणारी. अडतीस वर्षांत तिने हा आवाज असा एकटा ऐकलाच नव्हता. ऐकायची सोयच नव्हती. कालवलेल्या वरणातून मीठ वेगळं काढून चाखायची कुठे सोय असते. केवढी धीट होती ही पोर! पंधरा वर्षांची, दोन वेण्या घालणारी, पाहुणे आले की आत पळणारी — आणि इथे कुणाला न जुमानता चाललीय. तिने कोष्टकाचा कागद मांडीवर पसरला आणि प्रत्येक चुकीवर बोट ठेवत ऐकू लागली. पहिली, हो, माझी, त्या पायरीची. दुसरी माझी. तिसरी, चौथी, तो जोड माझा. दहावी — काय सुंदर गं! अकरावी...

बोट थांबलं.

गाण्याचं ते वळण. पाणबुड्या तळाला पोचतो, सगळं क्षणभर थांबतं, आणि एक लांब सूर असा काही हलतो की — क्लबातली माणसं दादाला ‘उस्ताद’ म्हणायला लागली ती याच जागेमुळे. ‘उस्ताद, ते पाणी हलतं ना, ते कसं केलंत?’ आणि दादा मान वाकवून हसायचा, कारण त्याला माहीत नव्हतं. तिला वाटायचं, मला माहीत आहे. अडतीस वर्षं हीच जागा तिने सगळ्यात आत, सगळ्यात जपून ठेवली होती.

कागदावर छापलं होतं : एकशे चोवीसच्या जागी एकशे बेचाळीस.

तिने पुन्हा वाचलं. एकशे बेचाळीस हा आकडा वहीच्या कोष्टकात नव्हताच. तिने बदललेला प्रत्येक आकडा तिने कोष्टकात पाहून, बोट ठेवून, उचलून आणला होता. आणि हा कुठल्याच सुराचा आकडा नव्हता. पायरीच्या खाली, दोन पायऱ्यांच्या मधल्या पोकळीत. एक चार दोन. एक दोन चार. असे आकडे उलटेपालटे होतात ते कुणी मुद्दाम करत नाही. पाठ दुखत असताना होतात. दोन तास टाइप केल्यावर, दादा येत का नाही म्हणून दाराकडे बघताना होतात. औषधांच्या कामात पहिल्याच वर्षी शिकवतात, या आकड्यांना जप, हे बोटांना फसवतात.

म्हणजे ती चूक होती. खरोखरची. खालच्या आठ ओळींवरून तिने बोट फिरवलं, त्या तिच्याच होत्या; एकोणिसांतली हीच एक. आणि पाणी हलत होतं ते या चुकीने.

 हे कुणाला सांगायचं? नाहीच सांगितलं तर? एकोणीसही माझ्याच म्हटलं तर कोण कुठे कोर्टात जाणार आहे? आणि असं मनात येताच तिला स्वतःचा संताप आला, आणि तो दादावरच्या संतापात मिसळला, आणि दोन्हींची धार आणखीच वाढली. बिलावरची डोकावून म्हणाली, “डबा नाही खाल्लात? अहो, भावाशी भांडायचं असेल तर पोटभर जेवून भांडावं. उपाशी माणूस लवकर माफ करतं.”

तिने दोन घास खाल्ले. मग फोन लावला.

मागे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. कुणीतरी माइकमधे फुंकत होतं. “बोल छोटे! येतेयस ना? कार्ड बघितलंस? काय सुबक केलंय ना?”

“दादा, त्या चुका नाहीत.”

“कुठल्या? अच्छा, त्या! अगं, मनाला लावून घेतलंस की काय? तू पंधरा वर्षांची होतीस, कोण दोष देतंय तुला? उलट मी आज सगळ्यांसमोर सांगणारेय, आमच्या छोटीने टाइप केलं होतं म्हणून. लोक हसतील, जरा मजा येईल.”

“हसतील?”

“प्रेमाने गं.”

“दादा, मी मुद्दाम केलंय ते. अठरा ठिकाणी.”

“मुद्दाम म्हणजे?”

“मुद्दाम म्हणजे मुद्दाम. तुझा तिसरा आवाज मला कंटाळवाणा वाटला. नुसता तुझ्यामागे चालत होता. मी बदलला.”

पलीकडे कुणी म्हणालं, उस्ताद, माइक चालू झाला. दादा म्हणाला, “थांबा रे जरा.” मग खुर्च्यांचे आवाज लांब गेले, तो बाहेर आला असावा. तिने सकाळपासून सगळी उत्तरं तयार ठेवली होती — तो हसला तर काय म्हणायचं, त्याने खोटं म्हटलं तर काय, पुरावा मागितला तर काय. औषधांसारखी कप्प्याकप्प्यांत लावून.

“मला न विचारता?” दादा म्हणाला.

याचा कप्पाच नव्हता.

“माझ्या गाण्यात? मी लिहिलेलं, तू मला न विचारता...? आणि अडतीस वर्षं लोक मला शाबासकी देतायत, मी मान वाकवून घेतोय, आणि तू खुर्चीत बसून ऐकतेयस? मला वेड्यात काढलंस तू, छोटे?” त्याचा आवाज चढला होता, आणि तिला अगदी स्पष्ट ओळखू आला तो. हाच. सकाळपासून आपल्या पायांतून वर येणारा, हाच तो, तेवढाच गार. चिठ्ठी त्याची होती. लिहिलं होतं त्याने, स्पष्ट, ‘पहिल्यासारखाच’. आणि तिने पेन काढून बदललं होतं, अठरा वेळा, फोन न करता.

पण म्हणून राग गेला असं नाही. उलट तो हट्टाने उभा राहिला. “आणि तू विचारलंस कधी? टाइप करताना काय काय केलंस, कसं वाटलं, म्हणून? एकदा तरी?”

“अगं, टाइप करणाऱ्याला काय विचारायचं अस—” दादा म्हणाला, आणि थांबला. आपलंच वाक्य आपल्याच कानात गेल्यासारखा थांबला.

 त्याच्या बाजूला एक गाडी गेली. तिच्या बाजूला फ्रिजची घरघर.

“अठरा म्हणालीस,” शेवटी तो म्हणाला. आवाज खाली आला होता, पण नरम नव्हता. “कागदावर एकोणीस आहेत.”

“हो.”

“कार्डवाल्याने यंत्राने पहिल्या आवाजाशी ताडून काढली ती यादी. मी फक्त बरं म्हटलं. पण ते वळण... पाणी हलतं ते. ते काढायला जिवावर आलं होतं माझ्या. कार्डवाला म्हणाला, उस्ताद, चूक ती चूक. मी म्हटलं, असेल बाबा.” मग, जवळजवळ विनवल्यासारखं : “तेही तूच ना?”

हो म्हणायला एक अक्षर. जिभेवर आलेलंच होतं. म्हटलं असतं तर दादाने ते घेतलं असतं, नक्की. त्याला कुणाचं तरी हवं होतं ते, निदान छोटीचं तरी. आणि ते अक्षर तोंडात धरून ती उभी राहिली, आणि तिला दिसलं ती पोर पाठ चोळत दाराकडे बघतेय, बोटं भलतीकडे पडतायत...

“ती चूक आहे, दादा. बोटाची. ती कुणीच केलेली नाही.”

  तिला वाटलं, फोन तुटला. मग तो म्हणाला, नेहमीच्या घाईने नव्हे, अनोळखी गावात पत्ता विचारावा तसा :

“मग ती ठेवू की काढू?”

दिवसभर ती रागावर उभी होती, वरच्या फळीवरचं काढायला स्टुलावर चढावं तशी, आणि आता हात फळीला लागला होता आणि पायाखाली स्टूल नव्हतं. अठरांचं काय ते तिला माहीत होतं. त्यांच्यासाठी ती आत्ताच्या आत्ता सभागृहात जाऊन सगळ्यांसमोर भांडली असती, आणि भांडणार होती, दादाने अजून त्यांचं काहीच कबूल केलेलं नव्हतं. पण ही एक. हिच्यावर हक्क कुणाचा? दादाची नाही, माझी नाही, आणि दोघांनी मिळून आयुष्यभर हिच्यावर माया केली. ठेव म्हणावं तर कुठल्या तोंडाने? काढ म्हणावं तर कुणाच्या जिवावर?

“छोटे? आहेस ना?”

काउंटरवर कुणीतरी घंटी वाजवली. बिलावरची म्हणाली, आल्या हो, आल्या, जरा दम धरा.

“आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच नवा वाटला, कुणाच्या पुढेही नव्हता, मागेही नव्हता, आणि त्याला पुढचा शब्द माहीत नव्हता. आणि सकाळपासून पहिल्यांदा, रागाच्या जागी, तिला भीती वाटली.